शहाऐंशी बाय एकोणसाठ

माझी मावशी एकतीस वर्षं देशाचे झेंडे बेततेय. शिवायला आम्ही चौदाजणी आहोत, पण कापडावर खडूची रेघ मारून कात्री चालवायची ती फक्त मावशीने. तिचं टेबल खिडकीपाशी, माझी मशीन तिच्या उजव्या हाताला. त्यामुळे मी सांगतेय ते कुणा तिऱ्हाइताकडून ऐकलेलं नाही. आठवलं की अजून शिसारी येते, हेही आधीच सांगून ठेवते.

झेंडा ठरला तेव्हा मावशी नवीनच लागली होती. समितीकडून चित्र आलं: निळं कापड, मध्ये पांढरा गोल, लांबी तीन तर रुंदी दोन. मावशीने नव्वद बाय साठ सेंटिमीटरचे दोन नमुने बेतले. गोलासाठी घरून पिठाच्या डब्याचं झाकण आणलं होतं. एक नमुना समितीला गेला, दुसरा राखीव म्हणून तिच्याकडे राहिला.

तीन दिवसांनी समितीच्या कचेरीतला शिपाई धापा टाकत आला. पांढऱ्या गोलावर त्याच्या हातून चहा सांडला होता. मावशी म्हणाली, राखीव घेऊन जा. पण समितीचा शिक्का पहिल्याच्या कडेवर बसला होता, तो बदलणार कसा? गडी रडकुंडीला आला. शेवटी मावशीनेच तो झेंडा बादलीत भिजवला, डाग काढला, वाळवून इस्त्री केली.

"साहेबांना सांग, माप घ्यायचं तर माझ्याकडच्या राखीव झेंड्याचं घ्या," तिने बजावलं. "हा आता आटलाय."

"सांगतो ना ताई," म्हणाला आणि गेला. सांगितलं मात्र नाही. सांगितलं असतं तर चहा सांडल्याचं उघडं पडलं असतं.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं, हे फाटका सदरा शिवणाऱ्यालाही ठाऊक असतं. समितीतल्या नऊ विद्वानांना नव्हतं. त्यांनी समोरच्या झेंड्याला टेप लावली आणि जे भरलं ते कायद्यात घातलं. लांबी शहाऐंशी, रुंदी एकोणसाठ. गोलही दोन्ही बाजूंनी किंचित आत गेला होता, म्हणून कायद्यात आलं, 'किंचित उभट आकृती'. पुढे कुणा हुशार माणसाने त्या उभटपणाचा अर्थही शोधून काढला. म्हणे ते बी आहे, राष्ट्राचं बी. शाळेच्या पुस्तकात त्यावर अख्खा धडा आहे. पोरं बेंबीच्या देठापासून तो म्हणतात.

मावशी मूग गिळून बसली. शिपायाची नोकरी जाईल, एवढंच तिच्या मनात होतं. ती निमूटपणे शहाऐंशी बाय एकोणसाठ बेतू लागली. मग कायद्याला दोन कलमं जोडली गेली. झेंडा कोऱ्या कापडाचाच हवा, बेतण्याआधी ते धुवायचं नाही. आणि प्रत्येक कचेरीने आपला झेंडा महिन्यातून एकदा धुवायचा. ही दोन कलमं लिहिणाऱ्याने जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नसणार. आमच्याकडून कायदेशीर निघालेला झेंडा महिन्याभरात बादलीत पडून बेकायदेशीर व्हायचा. इतकी वर्षं कुणी मोजले नाहीत म्हणून निभावलं.

गेल्या वर्षी नवा कायदा आला. चुकीच्या मापाचा झेंडा म्हणजे झेंड्याचा अपमान, आणि अपमान करणारा कोण, तर बेतणारा. निरीक्षक टेप घेऊन कचेऱ्या फिरले. चाळीस झेंडे मोजले, चाळीसच्या चाळीस चुकले. मावशीला नोटीस आली: खुलासा पटला नाही तर टेबलावरून काढू आणि अपमान करणाऱ्यांच्या यादीत नाव लावू. तिच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

खुलासा ऐकायला निरीक्षक स्वतः आले. सोबत खात्याचे हेडक्लार्क. सोनेरी काडीचा चष्मा, सुटलेलं पोट, तरी मावशीने ओळखलं. चहा सांडणारा शिपाई चढत चढत तिथवर पोचला होता. तिच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं, त्याचीच मला जास्त चीड येते.

तिने ट्रंकेतून राखीव झेंडा काढून टेबलावर पसरला. "साहेब, हा त्याच दिवशी, त्याच ताग्यातून बेतलेला. कधी धुतला नाही. नव्वद बाय साठ, आणि गोल अगदी गोल. पहिला मी धुतला म्हणून आटला. तुम्ही आटलेल्याचं माप कायद्यात घेतलंत. यांना विचारा."

निरीक्षकांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. त्याने चष्मा काढून पुसला. "मला तसलं काही आठवत नाही, साहेब."

निरीक्षकांनी टेप लावली. "बाई, हा तर सरळसरळ चुकीच्या मापाचा आहे. असा झेंडा जवळ बाळगणं हा वेगळा गुन्हा. आणखी एक कलम लागेल तुम्हाला."

मावशीने झेंड्याची घडी केली. मग तो उचलून मोरीकडे गेली. बादलीत पाणी सोडल्याचा आवाज आला. दुपारभर झेंडा खिडकीत वाळत होता. तोवर हेडक्लार्क आमच्या किटलीतला चहा प्यायला, कप टेबलापासून हातभर लांब धरून. मावशीने इस्त्री फिरवली आणि म्हणाली, "आता मोजा."

शहाऐंशी. एकोणसाठ.

निरीक्षकांचा चेहरा खुलला. "बघा, आहे की बरोबर. उगाच घोळ घातलात."

"अहो, तुमच्या डोळ्यांदेखत—" मी तोंड उघडलं. मावशीने माझं मनगट दाबलं.

त्यांनी कागद लिहवून घेतला. हा झेंडा पहिल्या दिवसापासून कायद्याच्या मापाचा आहे. बाकीचे वापरणाऱ्यांच्या हलगर्जीने बिघडले. बेतणारी निर्दोष. झेंडा काचेच्या कपाटात ठेवायला ते घेऊन जाणार होते. मावशीने सही केली.

"पुरावा होता तो," मी हळूच म्हणाले. "तोच धुतलास?"

"पुरावा हवा होता कुणाला? मला माझी कात्री हवी होती."

मला तिचाही राग आला. मी तोंड फिरवलं, तेवढ्यात निरीक्षक म्हणाले, साक्षीदार लागेल, झेंड्याला आज पाणी लागलेलं नाही असं लिहिणारा. सगळ्यात जवळची मशीन माझी होती. माझ्या मशीनवर डोळा ठेवून दोघीजणी केव्हापासून बसल्यात, तेही मला ठाऊक होतं.

तो कागद आता काचेच्या कपाटात, झेंड्याशेजारी लावलाय. मावशीच्या सहीखाली साक्षीदाराची सही आहे. ती मी केली, ओल्या फरशीवर उभं राहून.