मामा, हात सोड

माझ्या फोटोच्या दुकानात लोक पूर्वी यायचे ते अल्बम पाहायला. आता उंबऱ्याबाहेरूनच विचारतात, "भाऊ, ड्रोन हाय का?" नाही म्हटलं की चपला काढायच्या आतच मागं फिरतात. आमच्या आंजी गावातल्या अर्ध्या लग्नांत मीच कॅमेरा घेऊन नाचलेलो. आणि आता या लोकांना नवरीचं तोंड सोडून मांडवाचं छप्पर पाहायची हौस! छपरावर काय असतं हो? ताडपत्री असते. तीही भाड्याची. मला या ड्रोनचा असा राग होता की लग्नात कुणी उडवत आलाच तर मी मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचो.

मग भाचीचं लग्न ठरलं.

ही माझ्या बहिणीची पोरगी. बहिणीचं गाव कारंजाच्याही पलीकडे, आडवळणाला. तिथं पुढच्या शाळेची सोय नव्हती, म्हणून पाचवीपासून पोरगी आमच्याकडे आली आणि आमचीच झाली. आम्हाला मूलबाळ नाही. ती आली तेव्हा बायको म्हणाली, "शाळेपुरती आणली हाय, जास्त जीव लावजा नका," आणि सगळ्यात आधी तिनंच लावला. सायकल मी शिकवली. शाळेच्या मैदानात मागून सीट धरून मी धावायचो आणि ही पुढून ओरडायची, "मामा, सोडजो नको! मामा, सोडजो नको!" मी कधी सोडली तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती कडुलिंबाला जाऊन धडकली आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता ती वर्ध्याला नोकरीला आहे. पोरगा हिंगणघाटचा, चांगला आहे, जरा कमी बोलतो. आमच्या घरात ते जमून जाईल. बोलणी झाली त्या दिवशी तिनं दोन गोष्टी जाहीर करून टाकल्या. लग्न मामाच्या दारातून होईल, आणि शूटिंग मामा करेल. तेवढ्यात पोराचे काका म्हणाले, "ड्रोनवाला आमच्याकडून आणू. तुमच्याकडं तं नसंल." घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! माझं डोकं सटकलं. "माह्या भाचीच्या लग्नात दुसऱ्याचा ड्रोन? मी उडवीन," मी म्हणालो. बायकोनं कपाळाला हात लावला. मला मोबाइलवर साधा फोटो मागं-पुढं सरकवताना घाम येतो, हे तिला माहीत होतं.

डोकं तापलेलं असतानाच मी कॅमेऱ्याचा ड्रोन घेऊन आलो. भाचीनं तो डब्यासकट उचलला, कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली मामीच्या पदराला बांधली. मग आपल्या पिशवीतून एक लाल खेळणं काढून माझ्या हातात ठेवलं. तळहातावर मावेल एवढं, चार पात्यांचं, वर्ध्याच्या बाजारात पोरांच्या गाड्यांशेजारी मिळतं तसं.

"पहिले हे फोड," ती म्हणाली. "मग ते."

"मी काय लहान पोट्टा हाओ का?"

"लहान पोट्टे लवकर शिकतात मामा. तुले वेळ लागंल. लग्नापर्यंत नाई शिकला तं हिंगणघाटवाल्याले बोलावू."

बस्स. हे शेवटचं वाक्य मला पुरेसं झालं.

रिमोटला दोन दांड्या असतात. डावी वर-खाली नेते, उजवी पुढं-मागं आणि बाजूला. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या किड्याचं तोंड आपल्याकडं वळलं की सगळं उलटं होतं. डावीकडं न्यायचं म्हटलं तर ते उजवीकडं पळतं. ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना होतं तसंच. आणि मला आजवर ट्रॉली मागं घेता आलेली नाही.

पहिला धडा मी घरातच घेतला, आणि त्यात माझी मोठी अक्कल होती. कापसाचे दिवस होते. भाव चढेल म्हणून वावरातला कापूस बैठकीत रचून ठेवलेला, छातीपर्यंत गंजी. मी म्हटलं, याच्यापेक्षा मऊ जागा जगात कुठं सापडेल? पडलं तर गादीवर पडेल! आणि पडायचंही. उडायचं, भिंतीला टेकायचं, कापसात पडायचं. मी खुशीत. आंजीच्या बाहेर कुणाला अशी सोय आहे का, असं मी बायकोला दोनदा ऐकवलं.

मग ते उडेनासं झालं. नुसतं गुरगुरायला लागलं आणि जळका वास सुटला. पात्यांखालच्या दांड्यांना कापसाचे धागे असे गुंडाळले होते की चरख्यावर सूत काढावं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"अवो, जळून काय राह्यलं? कापसाच्या गंजीत आग लावता काय?"

"मोटर खराब निघाली. मालच हलका हाय."

"उडवता येईना, बैठक वाकडी! निघा बाहेर. दोघंबी निघा."

दोघं म्हणजे मी आणि ते खेळणं. भाची शनिवारी आली, सुई घेऊन बसली आणि त्याच्या पायातले धागे उपसत खो-खो हसत राहिली. "मामा, बाप्पा, हे तं फक्त वर्धा जिल्ह्यातच होऊ शकते," म्हणाली. ते काही पुन्हा नीट उडलं नाही. पुढच्या शनिवारी निळं आलं.

निळ्याला मी अंगणात उडवायचो. तिथं वारा. खेळण्याला स्वतःची अक्कल नसते. वारा नेईल तिकडं ते जातं. ते हललं की मी घाबरायचो, घाबरलो की दांडी गच्च दाबायचो, दाबली की ते पिसाळायचं. भाची बाजूला उभी राहून ओरडायची, "मामा, हात सोड! आंगठे उचल! तू दाबून राह्यला म्हणून ते पळून राह्यलं!"

"सोडलं तं पडंल ना!"

"पडू दे! म्हणून तं खेळणं आणलं!"

पडलं ते शेजारच्या काकूंच्या बाजेवर. बाजेवर मुंगवड्या वाळत होत्या, ओल्याच, त्याच दिवशी घातलेल्या. निळ्यानं त्यात उताणं पडून चारी पाती फिरवली. मुगाचं वाटण काकूंच्या भिंतीवर, लुगड्यावर आणि बांधलेल्या बकरीच्या तोंडावर उडालं. बकरीनं चाटून घेतलं, काकूंनी नाही.

"भाऊ, तुमचं वय काय, तुम्ही करून काय राह्यले?" काकू कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "पोरीचं लग्न तोंडावर आलं, आन् मामा उंटावरून शेळ्या हाकून राह्यला!"

मी माफी मागितली. बायकोनं आमच्या घरच्या मुंगवड्या त्यांना नेऊन दिल्या. त्या वर्षी आमच्या घरी मुंगवडीची भाजी झाली नाही आणि जेवताना दर वेळी मला त्याची आठवण करून देण्यात आली.

तरी मी सोडलं नाही. दुकान बंद करून रोज संध्याकाळी मी त्या खेळण्याच्या मागं. गुडघे फुटले, एकदा लिंबावर चढलो, एकदा तुरीत शिरून अंगभर खाजवत आलो. गावातले लोक वावराच्या धुऱ्यावर उभे राहून सल्ले द्यायचे. ज्यांनी जन्मात पतंग उडवला नव्हता तेही, "भाऊ, जरा डाव्या आंगाले घ्या." मी एकदोघांच्या अंगावर धावूनसुद्धा गेलो. पण हळूहळू काहीतरी होत होतं. निळं गेलं, पिवळं आलं, आणि पिवळं फुटायचं नाव घेईना.

भाचीनं परीक्षा ठेवली. दारातल्या बैलबंडीला फेरी मारायची, तोंड आपल्याकडं असताना परत आणायचं आणि अंगणातल्या उपड्या घमेल्यावर उतरवायचं. मी उतरवलं. घमेलं टण्णकन वाजलं. बायकोनं पदराची गाठ सोडली आणि किल्ली काढून दिली. मला एवढा आनंद दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

मोठा ड्रोन आम्ही कापसाची पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या वावरात उडवला. वर गेला, आणि मी सवयीनं दोन्ही दांड्या आवळून धरल्या. भाचीनं समोर येऊन माझे दोन्ही अंगठे आपल्या हातांनी उचलले. आता पडतो म्हणून मी ओरडलो. पण तो खुंटीला टांगल्यासारखा जिथल्या तिथं उभा राहिला. वारा होता, तरी हलला नाही.

"असा उभाच राह्यते हा?" मी विचारलं.

"व्हय. आन् बॅटरी संपत आली की जिथून उडला तठीच येऊन उतरते. आपोआप."

मला खरं सांगायचं तर रागच आला. "मंग मी मुंगवडीच्या शिव्या कायले खाल्ल्या? येकदम हाच द्यायचा ना!"

"येकदम दिला असता तं पह्यल्याच दिवशी लिंबाले टांगला असता. हा शहाणा हाय म्हणून तू शहाणा झाला असं नाई मामा." मग म्हणाली, "फक्त तेवढे आंगठे सैल सोडाले शिक. अजूनबी तू गच्च धरून राह्यला."

लग्न आमच्या दारात, घराशेजारच्या मोकळ्या जागेत. वरून सगळं दिसावं म्हणून मांडवाचा मधला भाग मी उघडाच ठेवायला लावला. खालच्या कॅमेऱ्यांना वर्ध्याहून दोन दोस्त बोलावले आणि मी ड्रोनला. आचाऱ्यांच्या मागं बारदान अंथरून तिथून उडवला आणि रिमोट घेऊन गच्चीवर जाऊन उभा राहिलो. वरात अशी घेतली, अशी घेतली की पोराच्या काकांचा फेटा पडद्यावर झेंडूच्या फुलासारखा दिसत होता. काकांनी वर पाहून हात हलवला. मी हलवला नाही.

मुहूर्त जवळ आला. माणसांच्या डोक्यावर ड्रोन न्यायचा नाही ही भाचीची ताकीद होती, म्हणून तो मांडवाच्या बाजूला, मोकळ्या जागेवर तिरपा धरला. अंतरपाट दिसतोय, पाट दिसतोय, नवरदेव उभा आहे. काय चौकट होती महाराजा! खालून भटजींनी आवाज दिला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

कुणी येईना. भटजी पुन्हा म्हणाले. माझं लक्ष पडद्यावर. मी गच्चीवरून, आजवर शेकडो लग्नांत ओरडलो तसा, बेंबीच्या देठापासून ओरडलो, "अरे, तो मामा कोठी मेला? पाठवा ना त्याले लवकर! फ्रेम रिकामी दिसून राह्यली!"

सगळा मांडव एकदम फुटला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागली. भटजींनी पोथी तोंडावर धरली. आणि खालून माझ्या बायकोचा आवाज आला, "अवो! मामा तुम्हीच हाय ना!"

आयुष्यभर मी मामांना फक्त ढकललं होतं. मामा, सरका. मामा, नवरीवर सावली पडून राह्यली. नवरीच्या मागं गाठोड्यासारखा उभा राहणारा, चौकट बिघडवणारा माणूस म्हणजे मामा. या घरातल्या एकाही लग्नाच्या अल्बममध्ये मी नाही, कारण मी कॅमेऱ्याच्या मागं. आणि ज्या पोरीसाठी एवढा खटाटोप केला, तिच्या लग्नात तिच्या मागं उभं राहायचं असतं हेच मी विसरलो होतो.

पण ड्रोन हवेत. उतरवायला जावं तर मुहूर्त टळतो. दांड्या गच्च धरून मी नुसता उभा. दारात भाची आली होती, मुंडावळ्या बांधून. तिनं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं, आणि हिरव्या चुड्याचे दोन्ही हात वर करून अंगठे उचलून दाखवले.

मी अंगठे उचलले. तो उभा राहिला. रिमोट कठड्यावर ठेवला आणि अनवाणीच जिन्यावरून धावत सुटलो.

तिचा हात धरून तिला पाटावर नेलं आणि मागं उभा राहिलो. मंगलाष्टकं सुरू झाली. आमच्याकडच्या बायकांना स्वतःची मंगलाष्टकं म्हणायची भारी हौस. एक संपली की दुसरी कागद काढते. एरवी मी चिडलो असतो. त्या दिवशी वाटत होतं, अजून एखादी काकू उरली असेल तर तिनंही म्हणून घ्यावं. माझा हात तिच्या खांद्यावर होता. त्या कल्ल्यात मागं न वळता ती हळूच म्हणाली, "मामा, सोडजो नको."

शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट सरला, ती हार घेऊन पुढं झाली. वाजंत्री सुरू झाली. गच्चीवर रिमोट बोंबलत होता, आणि ड्रोन आपल्या अकलेनं वळून आचाऱ्यांच्या मागं बारदानावर उतरत होता. तिथं लसूण सोलत बसलेल्या बायका त्याला "हाड, हाड" करत होत्या म्हणे. मला त्यातलं काही दिसलं नाही. मी रडत नव्हतो, डोळ्यात अक्षता गेल्या होत्या, असं मी सगळ्यांना सांगितलं.

नंतर दुकानात बसून मी ते पाहिलं. वरून एक टकल्या माणूस अनवाणी धावत येतो, दोघांना धक्के मारतो, नवरीला घेऊन चौकटीच्या मधोमध येऊन उभा राहतो. हार घालायला ती पुढं जाते, सगळे हात अक्षता टाकायला वर जातात, आणि त्या टकल्याचा हात मात्र जिथं तिचा खांदा होता तिथं हवेत तसाच राहतो. किती तरी वेळ.

दुसऱ्याचं लग्न असतं तर तेवढं मी कापलं असतं. हे कापलं नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं आणि ड्रोनचा नमुना मागितला की मी तोच लावतो. लोक पाहतात, मान डोलावतात आणि शेवटी विचारतातच, "भाऊ, शूटिंग झकास हाय. पण हा मधात घुसलेला टकल्या कोण?"

मी म्हणतो, "नवरीचा मामा हाय."