मावशी दर शुक्रवारी डबा काढून टाकते

आमची मावशी दर शुक्रवारी जेवण झालं की डेटाबेस काढून टाकते. ती कानांच्या दवाखान्यात नोंदी सांभाळते, मी तिथेच रिसेप्शनवर बसते, आणि दर शुक्रवारी काम टाकून तिच्या मागे जाऊन उभी राहते.

"अगं, मी कंटेनर काढते, नोंदी नाही," ती म्हणते. कंटेनर म्हणजे डेटाबेस चालवणारा तयार डबा. एक आज्ञा दिली की काढून टाकता येतो, दुसरी दिली की तसाच नवा उभा राहतो. साडेतीन हजार पेशंटांच्या श्रवणयंत्रांची सेटिंगं मात्र वेगळ्या डिस्कवर असतात. डिस्क डब्याला बाहेरून जोडलेली. "जोडलंय असं नुसतं म्हणून भागत नाही, डबा काढून बघावं लागतं." टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेली बाई, कशावर डोळे मिटून विश्वास ठेवणं तिला ठाऊकच नाही.

त्या शुक्रवारी बाहेर काका बसले होते, म्हणजे तिचेच यजमान. आठ महिने त्यांचं यंत्राशी पटत नव्हतं. भांडी खणखणायची आणि बायकोचा आवाज टोचायचा, हे ते येईल त्याला सांगत. त्या दिवशी सकाळी ऑडिओलॉजिस्ट बाईंनी दोन तास खपून एकदाचं सेटिंग जमवलं आणि नोंदवलं. मग यंत्राचा माईक बदलावा लागला, त्यात यंत्रातलं सेटिंग पुसलं जाऊन ते कोरं झालं. नोंद होती म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

मावशीने कंटेनर काढला. नवा उभा केला, तोही हौसेने पुढच्या आवृत्तीचा. पडद्यावर आलं: एकूण पेशंट, शून्य.

माझं धाबं दणाणलं. बॅकअप आदल्या संध्याकाळचा होता; त्यात काकांची सकाळ नव्हती.

"पुन्हा अगदी तसंच जमेल, असं मी नाही सांगू शकत हं," ऑडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या.

"थांबा," मावशी चष्मा पुसत म्हणाली, "हा रिकामा डेटाबेस लिहितोय तरी कुठे, बघू दे."

घर फुटल्यावर चोर कुठून शिरला याचं कुतूहल वाटणारी बाई ही! मला तिचा रागच आला. तिने डबा सुरू होताना पडद्यावर आलेले संदेश एकेक ओळ करत वाचले आणि हसली.

"मुक्काम हलवलाय या डेटाबेसवाल्यांनी! नव्या आवृत्तीत डेटाचा फोल्डर वेगळा आहे, आणि मी डिस्क जोडली जुन्याच जागी. सूचना वाचल्या नाहीत. माझीच चूक."

डिस्कला धक्काही लागला नव्हता. तिने जुनी आवृत्ती परत उभी केली. तीन हजार पाचशे बारा पेशंट, आणि शेवटची नोंद काकांची. मला रडूच आलं.

बाईंनी सेटिंग भरून यंत्र काकांच्या कानात बसवलं. मावशी त्यांच्यासमोर वाकली.

"येतंय का ऐकू?"

काकांनी मान तिरकी केली. मग हळूच म्हणाले, "घाबरली होतीस का गं? आवाज कापतोय तुझा."