मोटारीचं झाकण

माझ्या भासऱ्यांचा मला अजून राग येतो. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांची तेरवी जेवून किती वर्षं झाली. मेलेल्या माणसावर रागवू नये, मलाही कळतं. पण मोटारीच्या छताचं ते भोक आठवलं की भाजी चिरता चिरता विळीवर माझा हात जोरात चालायला लागतो. सून म्हणते, आई, हळू. मी म्हणते, हळूच तर चालवला जन्मभर.

मोटार माझी होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या घरात हे कोणी कधी मोठ्यानं म्हटलं नाही. माझे बाबा तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीवर स्टोअर सांभाळायचे. तिथला एक गोरा इंजिनीअर आपल्या देशी परत जाताना त्याची जुनी मोटार बाबांना देऊन गेला. काळी, ठेंगणी, पाठ कासवासारखी. छताच्या मधोमध सरकती खिडकी. होती पत्र्याचीच, पण कडी फिरवून मागं ढकलली की डोक्यावर चौकोनभर आभाळ दिसायचं. बाबांना पोरगा नव्हता. म्हणून असेल, की हौस म्हणून असेल, खाणीच्या काळ्या रस्त्यावर त्यांनी मलाच चालवायला शिकवलं. बाबा गेले तेव्हा आईनं किल्ली माझ्या ओटीत टाकली आणि म्हणाली, "आता तू येत जा, माय."

मी यायचं, कारण ती येणार नव्हती. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. खाणीजवळच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. आमचं गाव एकोडीच्या पुढं. एसटीनं जायचं तर साकोलीला एक, भंडाऱ्याला दुसरी, तुमसरला तिसरी, आणि पुढं पायी. सकाळी निघालं तर संध्याकाळी पोहोचणार, म्हणजे रात्र तिथं. आणि रात्रभर सून घराबाहेर राहिलेली सासरी चालायची नाही. मोटारीनं मात्र पहाटे गेलं की दिवेलागणीला घरी. म्हणून महिन्यातून एकदा मी डोक्यावर पदर घ्यायची, तो दातात धरायची, यांना बाजूला बसवायची आणि निघायची. रस्त्यावरचे लोक बैल थांबवून बघायचे. मोटार होती म्हणून आई होती, एवढाच हिशेब.

आता भासऱ्यांशी बोलायचं नाही, हीसुद्धा आमच्याकडची रीत. त्यांच्यासमोर पदर पुढं ओढायचा, आणि काही सांगायचंच असलं तर नवऱ्याला सांगायचं, नाहीतर भिंतीला. मी म्हशीला सांगायची. ते ओसरीवर बसलेले असले की गोठ्यातून म्हणायची, "काय व म्हशी, पाव्हणे आले न घरी, चहा किती मांडू?" आणि ओसरीवरून उत्तर यायचं, तेसुद्धा मला नाही, यांना, "अरे, चार म्हणा." अशी बारा वर्षं काढली. हसू नका. राग आला तरी तो म्हशीवरच काढायचा असतो या रीतीत, आणि बिचारी म्हैस काय करणार?

एका उन्हाळ्यात निवडणूक आली. भासऱ्यांचा कोणी दोस्त उभा होता. मी दुपारी धान पाखडत होते, तेवढ्यात मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. बाहेर येते तर धुरळा. यांना विचारलं, तर हे खाली बघून म्हणाले, "दादानं नेली. प्रचाराले."

"किल्ली कोणी देली?"

"खुंटीवर होती न."

तिसऱ्या दिवशी मोटार परत आली. झेंडे लावलेले, आत बिडीची थोटकं, आणि छताला भोक. खिडकी नाहीच. चौकोनाच्या काठाचा पत्रा वेडावाकडा वाकलेला. झालं होतं असं, की त्या पुढारी दोस्ताला मोटारीतून उभं राहून हात जोडायचे होते. खिडकी अर्ध्यावर अडकली. अडकायचीच ती, थोडं तेल घालून डावीकडून ढकलायची असते, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पुढाऱ्याचं पोट त्या अर्ध्या जागेतून निघेना. म्हणून या लोकांनी सब्बल, म्हणजे पहार, घातली आणि माझ्या बाबांची खिडकी उपटून काढली.

मी गोठ्यात गेले. "म्हशी, इचार व, खिडकी कोठी आहे?"

ओसरीवरून भासरे यांना म्हणाले, "सांग तिले, राहिली असंल एखाद्या धानाच्या बांधीत. पत्र्याचा तुकडा तो. लोकं देशासाठी काय काय देऊन राहिले."

देशासाठी म्हणे! माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. आणि आमचे हे, त्यांचं एक शब्द बोलायचं धाडस नाही. माठातलं पाणी प्यायले आणि शेतावर निघून गेले. तो दोस्तही पडला, बरं का. नंतर या घरी चहालासुद्धा आला नाही.

भोकावर आम्ही ताडपत्री टाकली, चार कोपऱ्यांना विटा. वारा सुटला की ती फडफडायची, कोंबड्या त्या भोकातून आत उतरून मागच्या गादीवर अंडी घालायच्या. पावसाळा जवळ आला तसं एक दिवस जेवताना भासरे यांना म्हणाले, "छप्पर नाही ते गाडी कायची? पाण्यानं सडून जाईल. धानाच्या रोवण्याच्या आधी तिचं इंजन काढून बोडीवर बसवू. पाणी तरी चढवील." बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. "बाकीचा सांगाडा वरठीचा भंगारवाला नेईल."

मी वाढत होते. हातातलं वरणाचं पातेलं तसंच राहिलं. यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "दादा, छप्पर बसलं तं?"

"बसव न मंग. कोण नाही म्हणते? पण आठ-पंधरा दिवसांत."

मला तेवढं पुरे होतं. दुसऱ्याच दिवशी किल्ली खुंटीवरून काढून कमरेला खोचली आणि भंडारा गाठलं. मोटारीचं काम करणाऱ्या दोन ठिकाणी गेले. पहिल्यानं भोकातून वर पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे काम नागपूरले होते." दुसरा तर माझ्याशी बोललाच नाही, यांना विचारत राहिला, "ड्रायव्हर कोठी आहे?" ड्रायव्हर त्याच्या नाकासमोर उभी होती.

मग मला सुचलं. पत्र्याला आकार देणारी माणसं भंडाऱ्यात कमी आहेत का? गल्ल्यांमधून दिवसभर पितळेवर हातोड्या पडत असतात. माझ्या लग्नाचे गुंड, म्हणजे पाण्याच्या पितळी घागरी, ज्यांच्याकडून घेतले होते त्या म्हाताऱ्या कासारकाकांच्या दारात मोटार नेऊन उभी केली. काकांनी चष्मा वर केला.

"माय, एवढं मोठं भांडं मी कधी पाह्यलं नाही."

"झाकण करून द्या याचं, काका."

त्यांनी सुतळीनं भोक मापलं, गाठी मारल्या. मोडीत मी माझे दोन गुंड देते म्हटलं, आणि आठ दिवसांनी यायचं ठरलं.

आठ दिवसांनी गेले. झाकण काय सुंदर केलं होतं! पिवळंधमक, मधून थोडं फुगलेलं, हातोडीचे बारीक ठसे ओळीनं. चौकोनात ठेवलं तर टक्क बसलं. गल्लीतली माणसं जमली. एकजण म्हणाला, "काकी, मोटारीत भात शिजवता काय?" दुसरा म्हणाला, "वरतं शिट्टी बसवा न, तीन झाल्या का उतरवाची." मीही हसले. मग यांना आत बसवलं आणि छतावर बादलीभर पाणी ओतलं.

आतून हे ओरडले. बाहेर आले ते नखशिखांत भिजून.

काका म्हणाले, "असं होऊच शकत नाही."

मी झाकण उचललं, उलटं केलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी काठ आतल्या बाजूनं उतरवला होता. भोकाच्या आत जाणारा. भाताच्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, झाकण करतात तसं. वाफेचं पाणी झाकणाला लागतं, काठावरून थेंब थेंब परत भातातच पडतं, एक थेंब वाया जात नाही. स्वयंपाकघरात ते बरोबर. पण मोटारीवर? छतावरचं सगळं पाणी त्या काठाला धरून सरळ आत. आठ दिवस गेले होते, दोन गुंड गेले होते, आभाळ काळं झालं होतं.

"काका, हे पाणी आत ठेवाचं झाकण झालं! मले बाहेर ठेवाचं पाह्यजे!"

काका चिडले. "चाळीस वर्षं झाकणं ठोकून राहिलो मी. तू मले शिकवतं?"

"चाळीस वर्षं भातासाठी ठोकली न. तिखटाच्या डब्याले कसं झाकण राहते? बाहेरून बसते का आतून?"

ते उठून आत गेले. मला वाटलं, झालं, म्हातारा रुसला, आता माझी मोटार बोडीवर जाऊन पाणी चढवणार. आणि खरं सांगते, तेव्हा त्यांच्यावरच नाही, सगळ्यांवर संताप आला. खिडकी उपटणारे घरी पानसुपारी खात बसलेले, आणि मी इथं एका म्हाताऱ्या कारागिराशी भांडते आहे, ज्याचा काही गुन्हा नाही.

काका बाहेर आले ते तिखटाचा डबा घेऊन. स्वतःच्या घरातला. झाकण लावलं, काढलं, लावलं. मग म्हणाले, "डब्याले कंठ राहते, माय. झाकण त्याच्यावरून उतरते. तुह्या मोटारीले कंठ नाही."

"मग लावा कंठ."

दिवसभर बसून त्यांनी तो लावला. भोकाभोवती बोटभर उंचीची उभी पितळी पट्टी, खाली सायकलच्या ट्यूबचं रबर, आणि रिबिटा. झाकणाचा आतला काठ कापून बाहेरून नवा उतरवला. मी पायरीवर बसून रबर कापून दिलं, हे रिबिटा धरून होते. पुन्हा बादली ओतली. या वेळी आत मी बसले. वर पाण्याचा आवाज झाला, जसा पितळी परातीवर होतो, आणि आत एक थेंब नाही. काका खिडकीतून डोकावून विचारत होते, "आलं काय? आलं काय?" मी कोरडा पदर त्यांच्यापुढं धरला.

परतताना लाखनीच्या पुढं धो धो पाऊस लागला. घरी पोहोचले तर अंगणात तीन बांबू बांधून उभे केलेले, वर साखळी. इंजिन काढायला दोन माणसं आलेली. भासरे छत्री घेऊन उभे. सांगितलेले दिवस अजून सरलेही नव्हते. त्यांनी यांना हाक मारली, "सांग तिले, गाडी साखळीखाली लाव म्हणा."

यांनी माझ्याकडं पाहिलं. मी इकडंतिकडं पाहिलं. म्हैस गोठ्यात होती, लांब.

मी काच खाली केली. पदर मागं पडला होता, तो पडू दिला. "भाऊजी, छप्पर बसलं आहे. माह्या बापाची गाडी आहे. इले हात लावाचा नाही."

बारा वर्षांत पहिल्यांदा. त्या दोन माणसांनी माना खाली घातल्या. भासरे धाकट्या भावाला म्हणाले, "तुही बायको मले बोलून राहिली."

हे म्हणाले, "ऐकलं मी, दादा."

एवढंच. पुढं काही म्हणाले नाहीत, पण मला गप्पही केलं नाही. मी म्हणेन, त्यांच्या हिशेबानं ते पुष्कळ झालं. बांबू दुसऱ्या दिवशी सुटले. भासरे पुढं कधीच माझ्याशी बोलले नाहीत. तसे आधीही बोलत नव्हतेच. चूक झाली असं मात्र त्यांनी मरेपर्यंत कोणापाशी म्हटलं नाही. मला तेच खुपतं.

चार दिवसांनी, रोवणे सुरू व्हायच्या आत, आईकडं गेले. पाऊस होताच. कोरड्या साडीनं उतरले आणि ओट्यावरच तिला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवेल. ती एकदम उठून उभी राहिली.

"भासऱ्याले तोंड वर करून बोलली? पदर नाही, काही नाही? हेच शिकवलं व तुले आम्ही? लोकं काय म्हणतीन?"

"माय, तुह्यासाठी केलं न मी!"

"मी सांगतलं होतं?"

मी इतकी चिडले की तिनं केलेला भात तसाच ठेवून उठले. आल्या पावली निघते म्हटलं. हे मधे मधे, "बस न, बस न," करत होते. ती माझ्याकडं पाठ करून चुलीतली लाकडं सारत राहिली. मी मोटारीत बसले, चालू केली. तेव्हा ती डोक्यावर सूप धरून पावसात बाहेर आली. मोटारीभोवती एक फेरी मारली. पितळेवरून हात फिरवला, काठाखाली बोट घालून पाहिलं.

मग माझ्याकडं न बघता विचारलं, "पुढच्या महिन्यात कवा येतं?"