इराला उठवायचं न्हाई

"उठवायचं न्हाई म्हनजे न्हाई! आत्ता कुटं डोळा लागलाय पोरीचा. हात लावून बग तिला, मग सांगतो तुला!"

"काकू, हळू बोला ना. बाकीची मुलं उठतील."

"माझ्या आवाजानं न्हाई उठत ती. तू आदी चपला काड. पोरं झोपत्यात त्या चटया हैत."

मंदार मागं सरला आणि चपला दाराबाहेर काढून आला. पोरगा पुण्याचा. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर, आणि कायमचा दुसऱ्या पाळीला. दुपारी अडीचला आत, रात्री साडेदहाला बाहेर. कंपनीची बस पावणेदोनला तांबरमच्या नाक्यावरनं सुटायची. त्याच्या आधी लेकीला, इराला, उठवून समोरच्या गल्लीतल्या अबॅकसच्या क्लासला पोचवायची, एवढ्यासाठी तो या पाळणाघरात आला होता.

पाळणाघर रत्नप्रभाचं. बाई कागलाकडची. नवरा काशिनाथ लेथवर कामाला लागला म्हणून वीस वर्षांपूर्वी चेन्नईला आली, तमिळ फाडफाड शिकली, पण बोली काही सोडली नाही. तिकडच्या बायका 'जातो, करतो' म्हणतात, तशीच ही म्हणते, आणि कुणी हसलं तर आणखी मोठ्यानं म्हणते. दोन खोल्यांत चौदा पोरं. साडेबाराला जेवण, एक ते तीन झोप. त्या दोन तासांत दारावर कलेक्टर आला तरी तिनं त्याला पायरीवर बसवून ठेवला असता.

"कशाचा क्लास म्हनलास?"

"अबॅकस. मणी सरकवून गणितं करतात. एकाग्रता वाढते त्यानं." मंदारनं खिशातनं घडी घातलेलं पत्र काढलं. "शाळेनं लिहून दिलंय. इरा वर्गात लक्ष देत नाही. नाव पुकारलं तरी ओ देत नाही. महिनाभरात सुधारली नाही, तर पहिलीत घालणार नाहीत, पुन्हा युकेजीतच बसवणार. कान तपासून आणले, डोळे तपासून आणले. सगळं ठीक आहे. मग करायचं काय आम्ही?"

रत्नप्रभानं पत्र हातात घेतलं नाही.

"रातच्याला किती वाजता झोपती पोरगी?"

मंदारनं पत्राची घडी पुन्हा घातली.

"मी इचारतोय मंदारराव."

"बारा. कधी साडेबारा. मी घरी पोचतो पावणेबाराला. थोडं खेळतो आम्ही. कीर्ती जागं ठेवते तिला माझ्यासाठी. टीव्ही लावून देते."

"आनि सकाळी?"

"कीर्ती सहाला उठवते. सातला व्हॅन."

"सा तास!" रत्नप्रभानं त्याच्या तोंडापुढं सहा बोटं नाचवली. "पाच वर्सांच्या पोराला दहा-अकरा तास झोप लागती रं! निम्मी झोप बापाच्या खेळात घालवताय आनि वर कान तपासताय? पोरगी भैरी न्हाई, पोरगी झोपलीया! बाकावर बसून झोपलीया! त्या मिस्ला कळंना, तुला कळंना, त्या डॉक्टरला तरी कळायचं! कुनी इचारलं का तुला, पोरगी झोपती कवा?"

"नाही विचारलं."

"न्हाईच इचारणार. मनी सरकवायला लावत्याल!"

आतल्या खोलीतनं कृष्णवेणी ताटं विसळायची थांबून बाहेर आली. ती रत्नप्रभाची मदतनीस, तांबरमचीच. तिला मराठी कळत नाही, पण अक्का कशावरनं चिडते ते तिला न सांगता कळतं. "विडुंग सार, तूंगट्टुम्," ती म्हणाली. राहू द्या साहेब, झोपू दे तिला.

आता मंदारही तापला. "तुम्हाला बोलायला काय जातं, काकू? माझी पाळी बदलत नाही. मी उठतो तेव्हा ती शाळेत, ती घरी येते तेव्हा मी कारखान्यात. इथं ना आजी ना आजोबा. रात्रीचा तो अर्धा तास सोडला, तर माझी मुलगी मला बघायची कधी?"

हा सवाल रत्नप्रभाला नवा नव्हता. वीस वर्षांपूर्वी तिच्याच घरात तो रोज रात्री जेवायला बसायचा. काशिनाथही दुसऱ्या पाळीचा. गंधार तेव्हा पाच वर्षांचा. बाप येईपर्यंत पोरगं पेंगायला लागलं, की ही त्याच्या डोळ्यांवर पाण्याचा हात फिरवायची, आणि गावाकडं फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगायची, आमचा गंधार बापाचं तोंड बघितल्याशिवाय झोपत न्हाई. शाळेतनं तक्रार आली, पोरगं मागच्या बाकावर गेलं. मग हिनंच त्याला बडवलं. आळशी म्हणून.

"माझ्या गंधारला मी असंच जागवलं," ती म्हणाली. आवाज खाली आला नव्हता, उलट दात आवळून ती बोलत होती. "आनि डुलक्या काडतो म्हनून मीच हानला. ह्या हातानं. आज पंचवीस वर्सांचा हाय. जॉर्ज टाउनच्या बाजारात एका दुकानात माल मोजतोय. पुस्तक दिसलं की अजून तोंड फिरवतोय. झोपंनंच झालं का आनि कशानं, मला सांगता येत न्हाई. पन मी मारलं ते खोटं न्हाई. तवा मला दरडावून सांगनारं कुनी न्हवतं. तुला मी हाय."

मंदारनं घड्याळ बघितलं, आणि हट्टानं पुढं होऊन इराला चटईवरनं उचललं. "इरा, चल बाळा, क्लासला जायचंय."

रत्नप्रभा आडवी आली नाही. कमरेवर हात देऊन बघत राहिली.

पोरीची मान त्याच्या खांद्यावरनं मागं कलंडली. त्यानं गालावर हलकी चापट मारली. परत हाक मारली. तेवढ्यात हवाई दलाच्या तळावरचं विमान छपरावरनं घरघरत गेलं, खिडकीची तावदानं थरथरली, कोपऱ्यातलं तान्हं दचकून रडायला लागलं. इराची पापणी हलली नाही.

मंदारनं वाकून तिला परत चटईवर ठेवलं.

"साडेआठला झोपव तिला," रत्नप्रभा म्हणाली. "टीव्ही सातलाच बंद. सकाळी सा वाजता तू ऊठ. दात घास तिचं, दूध पाज, व्हॅनपतूर चालत ये तिच्यासंगं, काय गप्पा मारायच्या त्या मार. मग जा आनि झोप परत धा वाजंपतूर. तू घोडा झालायस, तुझी झोप तुकड्यातुकड्यानं भागंल. तिची न्हाई भागत."

"बघतो."

"बगतो न्हाई! सोमवारी व्हॅनच्या टायमाला तू दिसला न्हाईस, तर दुसरं पाळनाघर बग. झोपमोडीचं पोर मी सांबाळत न्हाई."

तो चपला पायात सरकवून गेला. रात्री इराच्या आईचा, कीर्तीचा फोन आला. आमच्या घरात तुम्ही किती बोलायचं, काकू, याला काही मर्यादा? रत्नप्रभानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झोपली का?" पलीकडनं उत्तर आलं. "मघाशीच. नऊला." मग फोन बंद झाला.

सोमवारी सातला व्हॅन गल्लीच्या तोंडाशी थांबली. मंदार आला होता. लुंगीवर, केस उभे, डोळे लाल, तोंड एरंडेल प्यायल्यागत. इरा त्याचं बोट धरून काहीतरी लांबलचक सांगत होती, आणि तो हं हं करत होता. तिला चढवून तो वळला, तर समोर पाळणाघराच्या दारात रत्नप्रभा.

"तीन दिवस झाले, डोकं ठणकतंय माझं," तो गुरगुरला. "शनिवारी रात्री घरी आलो तर घर सुनं."

"ठनकू दे."

"आणि शाळेचं पत्र?"

"ते घेऊन मी येतो शुक्रवारी तुझ्यासंगं. त्या मिस्ला माझ्या तमिळात इचारतो, पोरगं डोळं झाकून बसतंय ते बाई तुला दिसत न्हाई व्हय? एकटा गेलास तर हो हो करून माघारी येशील."

तो हसला नाही. मान हलवून घराकडं गेला. पहिली का युकेजी, ते अजून ठरायचं होतं, आणि रत्नप्रभाच्या डोक्यातला जाळ काही विझला नव्हता. पण आतनं दोन तान्ह्यांनी एकदम सूर लावला होता, कृष्णवेणी हाका मारत होती, आणि चुलीवर पेज उतू जायच्या बेतात होती. तिनं पदर खोचला, पातेलं उतरवलं आणि पळीनं पेज ढवळत पहिल्या रडणाऱ्याला कडेवर घेतलं.