शेवट नसलेलं पान

दुपारी घरात शिरलो तर गॅसचा उग्र वास. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. मी धावत गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. बाबा शेजारच्याच खुर्चीत मोबाईलवर बातम्या वाचत बसले होते.

"बाबा, वास नाही आला?"

"एवढं संपलं की उठणारच होतो रे."

ते बातम्यांचं ॲप आमच्याच ऑफिसात बनतं. पूर्वी त्यात पान संपायचं, पुढे जायला बटण दाबावं लागे. ते बटण मीच काढलं. बोट थांबायच्या आत पुढचं पान येऊन जोडलं जाऊ लागलं. थांबायची जागाच पुसली, तर माणूस थांबणार कुठे?

"बाबा, ते संपत नाही."

"असं कसं? सगळं कधीतरी संपतंच," मान वर न करता ते म्हणाले, आणि अंगठा पुन्हा सरकला.