परत बघ

मी या ग्रुपवर तीन वर्षं आहे, पण आजपर्यंत एकदाही काही लिहिलेलं नाही. खरं सांगायचं तर इथले गूढ अनुभव मी विश्वास ठेवून वाचत नाही. मी सिंगापूरला असते; सेंगकांगहून ऑफिसला जाताना एमआरटीमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, वाचते, कारण दिवसभरात दुसरं मराठी कानावर पडत नाही... निदान डोळ्यांसमोर तरी यावं. वाचून झालं की मनात म्हणते, झोप झाली नसेल, वारा असेल, सांगताना थोडी भर पडली असेल. त्यामुळे आता तुम्ही माझ्याबद्दल तेच म्हणालात तर राग येणार नाही. सुरुवातीला मी स्वतःही तेच म्हटलं होतं.

शाळा इंग्लिश मीडियमची, तेव्हा चुका असतील त्या सांभाळून घ्या.

आधी बाबांबद्दल सांगावं लागेल. आम्ही पनवेलचे. मी लहान असताना बाबा रविवारी पहाटे मला स्कूटरवर मागे बसवून उरणच्या खाडीवर न्यायचे. त्यांना पक्ष्यांचं वेड. नुसतं बघायचं नाही, मोजायचं. ते दुर्बिणीतून बघत, मी वहीत लिहीत असे. मोजणाऱ्याने डोळा काढायचा नसतो. थवा हलला की सगळं पहिल्यापासून. म्हणून लिहिणारा वेगळा लागतो, आणि त्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा, म्हणजे मोजणाऱ्याला कळतं की बरोबर ऐकलं गेलंय. बाबा मराठीत मोजायचे. "त्रेसष्ट. लिहा मॅडम." मी म्हणायचे, "सिक्स्टी-थ्री." ते म्हणायचे, "हं."

शेवटचा थवा माझा असायचा. मग मी दुर्बीण धरायची, मी इंग्लिशमध्ये मोजायचं, आणि वही घेऊन बाबा मराठीत परत म्हणायचे. माझं चुकलं तर ते बरोबर आकडा कधीच सांगत नसत. फक्त म्हणत, "परत बघ." न रागावता. आणि मी दर वेळी "सॉरी बाबा" म्हणायचे.

गेल्या वर्षी जुलैमध्ये बाबांना स्ट्रोक आला. हात-पाय बरेचसे सावरले, वाचा गेली. समजतं सगळं, पण शब्द येत नाही. मी दोन आठवडे जाऊन आले, मग रजा संपली. त्यानंतर दर रविवारी व्हिडिओ कॉल. आई फोन त्यांच्यासमोर धरायची आणि म्हणायची, "बोल ना, ऐकतायत ते." मी काय बोलणार? "जेवलात का? औषध घेतलं?" ते स्क्रीनकडे बघत राहायचे. त्या नजरेत काय असायचं ते मला कळायचं नाही. सोडून गेलीस, असं असायचं की नुसताच थकवा? मी कॉल लवकर संपवायला लागले. मग मेसेजवर भागवायला लागले. मार्चमध्ये तीन आठवडे मी कॉलच केला नव्हता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितेय.

इथे माझी ओळख तशी कुणाशी नाही. एका चायनीज आंटीच्या फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेतलीय. किचन रात्री आठपर्यंतच वापरायचं, त्यामुळे बहुतेक वेळा जेवण हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सवर, एकटीचं. वीकेंडला काहीतरी हवं म्हणून पक्षी मोजणाऱ्या एका छोट्या व्हॉलंटियर ग्रुपमध्ये नाव दिलं. तिथे माझी जोडी लावली अंकल हेन्रींबरोबर. शिपयार्डमधून रिटायर झालेले, गुडघा दुखरा, तोंड अखंड चालू. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "गर्ल आह, यू सो क्वाएट, बर्ड्स ऑल्सो टॉक मोर दॅन यू लाह."

मार्च अखेरचा तो रविवार. जागा पुलाव उबिन, सिंगापूरच्या ईशान्येचं छोटं बेट. चांगीहून लाकडी बोटीने जायचं, बारा माणसं जमेपर्यंत बोट सुटत नाही. बेटाच्या पूर्वेच्या टोकाला चेक जावा म्हणून चिखल-वाळूचा मोठा किनारा आहे आणि त्यावरून समुद्रात वळसा घेऊन जाणारा बोर्डवॉक, म्हणजे खांबांवर उभारलेली पायवाट. हिवाळाभर इथे राहिलेले पक्षी मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेला सायबेरियाकडे निघतात. त्याआधी पोट भरून घेतात. भरती चढायला लागली की चिखल कमी होतो, पक्षी एका पट्ट्यावर गोळा होतात. तेव्हा मोजायचं. फार तर अर्धा तास मिळतो.

अंकलचा गुडघा त्या दिवशी जास्त दुखत होता. ते बोर्डवॉकच्या दुसऱ्या टोकाला जेट्टीवर बसले, बगळे मोजतो म्हणाले. "यू स्टार्ट फर्स्ट. आय कम लेटर."

म्हणजे लिहायला कुणी नाही. मी बोर्डवॉकच्या वळणावर ट्रायपॉडवर स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, लावला, फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो शर्टच्या खिशात ठेवला. नंतर ऐकून फॉर्म भरेन, असा विचार होता. दहा वाजून चार मिनिटं झाली होती. लख्ख ऊन. आजूबाजूला कुणी नव्हतं. एक कुटुंब मघाशी फोटो काढून गेलं होतं. स्कोप चाळीसपट मोठं दाखवतो, त्यामुळे बोर्डवॉकवर कुणी दुरून जरी चालत आलं तरी चित्र थरथरतं. हे लक्षात ठेवा.

मी आधी छोटे चिखल्या मोजले. "सिक्स्टी-थ्री."

मागून, डाव्या बाजूने, कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "त्रेसष्ट."

मला काहीच विचित्र वाटलं नाही. यावर विश्वास बसणं कठीण आहे, पण खरंच नाही वाटलं. मोजताना डोकं दुसरं काही करतच नाही. आकडा परत आला म्हणजे लिहिला गेला, झालं. मी पुढे गेले. रेडशँक, लाल पायांचे. "ट्वेन्टी-एट."

"अठ्ठावीस."

व्हिंब्रेल, त्या लांब वाकड्या चोचीच्या. "ट्वेल्व्ह."

"बारा."

मग सोनचिखल्या. हा शेवटचा थवा. या दिवसांत त्यांची पाठ सोनेरी होते आणि पोट काळं व्हायला लागतं, जणू कुणी खालून शाई लावत आणलीय. ते दाटीने उभे होते. "फॉर्टी-वन," मी म्हटलं.

उत्तर आलं नाही.

मी थांबले. पाणी बोर्डवॉकखाली आवाज करत होतं. मग तोच आवाज, तितकाच शांत...

"परत बघ."

मी परत बघितलं. पट्ट्याच्या मागच्या बाजूला एक खुंट होता, त्याच्या सावलीत सहा पक्षी एका पायावर झोपलेले. पहिल्यांदा मला ते दगड वाटले होते. "फॉर्टी-सेव्हन."

"सत्तेचाळीस."

आणि तेव्हा... तेव्हा लक्षात आलं की मी मराठी ऐकतेय.

मी वळून बघितलं. बोर्डवॉक दोन्ही बाजूंना रिकामा. बाकावर माझी सॅक, पाण्याची बाटली, क्लिपबोर्डवर कोरा फॉर्म. आणि एक गोष्ट नंतर सुचली — या सगळ्या वेळात स्कोपमधलं चित्र एकदाही थरथरलं नव्हतं. कुणी आलंही नव्हतं, गेलंही नव्हतं.

मी ओरडले वगैरे नाही. सामान उचललं आणि सरळ जेट्टीवर अंकलकडे गेले. ते संत्रं सोलत होते.

"फिनिश्ड? सो फास्ट?" मग हसून म्हणाले, "आय सॉ यू थ्रू द बायनोक्युलर्स. टॉक, स्टॉप, टॉक, स्टॉप. कॉलिंग बॉयफ्रेंड आह?"

"अंकल, माझ्याजवळ कुणी उभं होतं का?" मी इंग्लिशमध्ये विचारलं.

"ओन्ली यू." मग माझा चेहरा बघून त्यांनी संत्र्याच्या दोन फोडी माझ्या हातात ठेवल्या. थोड्या वेळाने म्हणाले, "उबिन लाइक दॅट वन. ईट फर्स्ट."

आमच्या फॉर्मवर दोन रकाने असतात. मोजणारा आणि नोंदणारा. पहिल्यात मी नाव लिहिलं. दुसरा कोरा ठेवला.

दुपारी परतीच्या बोटीसाठी माणसं जमायची वाट बघत होतो, तेव्हा आईचा फोन आला. मी उचलणार नव्हते. तीन आठवड्यांनंतर आधी बोलणी खावी लागणार, हे माहीत होतं. पण उचलला.

"अगं बाबा बोलले! कुठे असतेस तू, सकाळपासून चार वेळा लावला!"

"काय बोलले?"

"काय नाही गं, आकडे. चहा घेऊन गॅलरीत बसले होते. मी ओट्याशी. एकदम म्हणाले, त्रेसष्ट. मला वाटलं शेजारचा टीव्ही. मग अठ्ठावीस. मी तशीच वही घेऊन धावले."

ती वही स्पीच थेरपिस्टने ठेवायला सांगितलेली. तोंडातून जे काही निघेल ते वेळेसकट लिहायचं. आठ महिन्यांत आईने त्यात "अं", "हं" आणि एकदा "आ" एवढंच लिहिलं होतं.

"मग बारा. आणि मग मला काय म्हणाले माहितेय? परत बघ! अगदी स्पष्ट! मी म्हटलं दूध उतू गेलं की काय, म्हणून धावत आत गेले. गॅस बंदच होता. तिथूनच ऐकलं, सत्तेचाळीस. कसले आकडे असतील गं? सई? ऐकतेयस ना?"

बोट आली होती. अंकल हात करत होते. मी आईला म्हटलं, "फोटो पाठव वहीचा."

फोटो आला. आईच्या तिरक्या अक्षरात पाच ओळी. शेजारी वेळ, सात चाळीस. भारत सिंगापूरपेक्षा अडीच तास मागे. म्हणजे इथले दहा दहा.

त्या रात्री खोलीत मी रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात फक्त माझा आवाज आहे. आकडा, मग दोन-तीन सेकंद शांतता, पाण्याचा आवाज, पुढचा आकडा. "फॉर्टी-वन"नंतरची शांतता मोठी आहे. मग माझा आवाज येतो, "फॉर्टी-सेव्हन." आणि त्याला लागूनच, अगदी हळू, "सॉरी बाबा."

हे मी म्हटल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टरांना आईने विचारलं. ते म्हणाले, होतं असं, वाचा गेलेल्या माणसाला आकडे, श्लोक, शिव्या आपोआप येतात, डोक्यात त्यांची जागा वेगळी असते. पटण्यासारखं आहे. पण आपोआप येतात ते एक, दोन, तीन असे येतात ना? त्रेसष्ट, अठ्ठावीस, बारा, सत्तेचाळीस असे का येतील? माझ्या मोजणीबद्दल मी घरी कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी मी उबिनला आहे हेसुद्धा नाही. माझ्या बाजूने मी असंही धरून बघितलं की आवाज मीच कल्पनेत ऐकला. ठीक. एकटी राहणारी मुलगी, ऊन, अपराधी मन. पण मग ते खुंटामागचे सहा पक्षी? ते तर मला दगड वाटले होते. आणि आईची वही?

त्यानंतर बाबा काही बोललेले नाहीत. आई रोज वही घेऊन गॅलरीत बसायची. आता वही फ्रीजवर ठेवलीय.

आईला मी खरं काय झालं ते अजून सांगितलेलं नाही. तिला वाटेल मी तिचा आनंद माझ्याकडे ओढतेय. पण आता दर मोजणीला मी बाबांना व्हिडिओ कॉल लावते. फोन ट्रायपॉडला अडकवते, त्यात त्यांना फक्त माझा कान आणि टोपी दिसत असणार. जेवलात का, औषध घेतलं का, असं विचारत नाही. आकडा सांगते. तीन सेकंद थांबते. मग पुढे जाते. एकदा आई मागून म्हणाली, "काय हे, बापाशी असं बोलतात का?" पण बाबांनी तिला हाताने गप्प केलं.

शेवटची मोजणी एप्रिलच्या अखेरीस झाली. पक्षी निघून गेले होते. भरती आली, पट्टा उरला, पट्टा रिकामा. फॉर्मवर दुसऱ्या रकान्यात मी आधीच बाबांचं नाव लिहून ठेवलं होतं. अंकल हेन्रींनी ते बघितलं आणि म्हणाले, "गुड. मस्ट हॅव टू पर्सन्स."

मी डावीकडून उजवीकडे सगळा किनारा बघितला. "झीरो, बाबा."

तीन सेकंद. मग मी डोळा काढून फोनकडे बघितलं, कारण आता मोडण्यासारखा थवाच नव्हता. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसलेले. ओठ मिटलेले. त्यांनी उजवा हात उचलला आणि एक बोट हवेत सावकाश गोल फिरवलं.

फोन माझ्या चेहऱ्याकडे होता. किनारा त्यांना दिसत नव्हता.

मी परत बघितलं. खुंटाच्या मागे, पाण्याच्या अगदी कडेला, एक सोनचिखल्या उभा होता. पोट पूर्ण काळं झालेलं, जायला तयार. एकटाच.

"वन," मी म्हटलं. बाबांनी होकारार्थी मान हलवली.

हे सगळं कसं झालं, मला सांगता येणार नाही. कुणी सांगितलं तर ऐकून घेईन, पण पटेल असं वाटत नाही. भरती उतरायला लागेपर्यंत मी तिथेच उभी राहिले, फोन चालू ठेवून. तो पक्षीही उडाला नाही. बाकीचे सगळे गेले असताना तो का थांबला होता, तेही मला माहीत नाही.