भिंतीला टांगलेल्या तलवारी

भविष्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण दौंड स्टेशनाबाहेरच्या पोपटवाल्या आप्पांपाशी मी रोज थांबायचो. पोपट चोचीनं देवांची चित्रं असलेली पानं काढायचा. त्यांत कुणा प्रवाशानं दिलेलं एक परदेशी पान होतं. अंथरुणात उठून बसलेली, तोंड झाकलेली बाई आणि मागं तलवारी. ते निघालं की गिऱ्हाईक धसकायचं.

"काळजीचं पान हाय," आप्पा हसायचे. "तलवारी भिंतीला टांगल्यात. बाईला कुठं लागल्यात?"

स्वतःसाठी पान काढायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांची लेक दवाखान्यात होती, त्या सकाळी मात्र त्यांनी पिंजरा उघडला. नेमकं तेच पान निघालं. मी त्यांचंच बोलणं त्यांना ऐकवलं.

पानावरची नजर न काढता ते म्हणाले, "व्हय. पन ह्यातली एक ढिली झालेली दिसतीया."